मामांचे उघडे हात आणि तुझा दहा नंबरचा मोजा

चोपडा तालुक्यातल्या एका गावातून वीस वर्षांच्या मुलीने लिहिलं आहे. आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड पूर्ण करून गेले चार महिने ती मामांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम शिकते आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ठिबकच्या फिल्टरचे स्टँड असं काम. मामा तीस वर्षांपासून उघड्या हाताने वेल्डिंग करतात. हातमोज्यात हाताला काम समजत नाही, घालायचाच तर डाव्या हातात एक घाल, असं त्यांचं म्हणणं. तिने तालुक्याच्या दुकानातून १८० रुपयांचे लाल चामड्याचे मोजे आणले, पण ते एवढे मोठे आणि जाड निघाले की रॉडच धरता येईना. मोजे काढून ठेवले आणि आठ दिवसांत उजव्या मनगटाला आतून आणि अंगठ्याच्या मुळाशी भाजलं. मामा म्हणाले, "काही व्हस नही, माय!" शेडमधली दोन पोरं म्हणतात, मोजे नाजूक हातांना लागतात. आजीला वेगळीच काळजी: लग्नाच्या पोरीच्या हातावर डाग, आणि वरून बांगड्या काढून हात उघडे. मुलगी विचारते, "आधी सहा महिने मामांसारखा उघड्या हाताने हात बसवून घेऊ आणि मग मोजे घालू का? आणि घालायचे तर नेमके कोणते?"

पोरी, तुझ्या या 'आधी आणि मग'पाशीच मी थांबलो. हात आधी बसवायचा आणि मोजा मागून चढवायचा, असं तू धरून चालली आहेस. पण हात ज्या अवस्थेत शिकतो त्याच अवस्थेत बसतो. सहा महिने उघड्या हाताने शिकलीस तर रॉड धरायच्या होल्डरची पकड, मनगटाचा कोन, बोटांचा दाब, सगळं उघड्या हाताचं बसेल. मग मोजा घातलास की पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. तेव्हा तू म्हणशील, मोज्यात जमतच नाही, आणि मोजा परत खुंटीवर जाईल. असे खुंटीवर गेलेले मोजे मी खूप पाहिलेत.

मी तीस वर्षं वर्कशॉपमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवलं. उघड्या हाताने शिकणाऱ्या पोराचा टाका, म्हणजे जोडावरची वितळून थिजलेल्या लोखंडाची रेघ, दुरूनही ओळखू यायचा. रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यातलं अंतर साधारण रॉडच्या तारेच्या जाडीएवढं हवं, म्हणजे ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला तीन मिलिमीटरच्या आसपास. उघडा हात तेवढ्या जवळ टिकत नाही. ठिणगी उडाली की तो नकळत मागे सरतो, अंतर वाढतं, आर्क म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यातली विजेची ज्योत लांबते, आवाज तळणीसारखा एकसुरी न राहता फडफडायला लागतो. ठिणग्या आणखी उडतात, म्हणून हात आणखी कचरतो. टाका रुंद आणि सपाट पडतो, आजूबाजूला लोखंडाचे दाणे चिकटून बसतात. पोराला वाटतं आपला हात हलका नाही. खरं तर हात घाबरलेला असतो. वेल्डरचं सगळं कसब हात स्थिर ठेवण्यात आहे, आणि पुढच्या क्षणी चटका बसणार हे ज्याला माहीत आहे तो हात स्थिर राहत नाही. म्हणून मोजा हे मला शिकण्याचंच हत्यार वाटतं, होल्डर आणि डोळ्यांपुढच्या काचेसारखं.

आता मामांचं. ते म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये. जाड मोज्यात बोटांना कमी कळतं, हे अगदी खरं. पण मामांच्या हातावरही मोजा आहेच. तीस वर्षांच्या घट्ट्यांचा, निबर झालेल्या कातडीचा. तो त्यांनी विकत घेतला नाही, भाजून घेऊन मिळवला. त्यांनी शिकायला सुरुवात केली तेव्हा तालुक्याला धड मोजे मिळत नसतील, उस्तादाने दिले नसतील. जे मिळालं नाही त्याच्याशिवाय माणूस निभावून नेतो, आणि पुढे त्यालाच शिकण्याची रीत समजतो. एखाद्या दिवशी दुपारच्या चहाला त्यांच्या हातावरचे डाग एकेक करून विचार: हा कशाचा, तो कशाचा. तुला वाटतं त्यापेक्षा जास्त ऐकायला मिळेल. आणि सांगता सांगता त्यांनाही ते सगळं पुन्हा आठवेल.

त्या दोन पोरांचं मात्र फार मनावर घेऊ नकोस. तवा चुलीवरून उतरवताना त्यांची आईसुद्धा सांडशी घेते, आणि तिला कोणी नाजूक म्हणत नाही.

आजीच्या बोलण्यात दोन गोष्टी आहेत. डाग पडू नयेत हे तिचं म्हणणं रास्त आहे आणि ते तुझ्या बाजूचंच आहे. आजी आणि मोजे एका पक्षाचे आहेत, तिला तसं सांगून बघ. बांगड्यांचं मात्र ऐकू नकोस. काचेची बांगडी मोज्यात अडकते आणि फुटते, प्लास्टिकची वितळून कातडीला चिकटते, धातूची बांगडी किंवा अंगठी तापते आणि करंटलाही वाट देते. मनगटावरचा रंगीत दोरासुद्धा बहुधा नायलॉनचा असतो. शेडमध्ये शिरताना सगळं काढून डब्यात ठेव, संध्याकाळी घरी जाताना घालून जा. आजीला हात उघडे दिसणार नाहीत आणि कामावर ते खरोखर उघडे राहणार नाहीत.

मोजा निवडण्याआधी हाताला कशापासून जपायचं ते नीट समजून घे, कारण लोक फक्त ठिणगीचा विचार करतात. लोखंड १५०० अंशांच्या आसपास वितळतं आणि आर्क स्वतः त्याच्या कितीतरी पट गरम असतो. उडणारा दाणा म्हणजे वितळलेलं लोखंडच. तो हाताच्या पाठीवर पडला तर घरंगळून जातो, बोटांच्या बेचक्यात किंवा बाहीच्या घडीत पडला तर तिथेच बसून जाळतो. तुझं भाजलेलं बघ ना: मनगटाची आतली बाजू आणि अंगठ्याचं मूळ, दोन्ही बेचक्याच्याच जागा.

दुसरं, आर्कचा उजेड. डोळ्यांसाठी काच धरायची हे सगळ्यांना कळतं, पण तोच अतिनील उजेड कातडीलाही भाजतो. वैशाखात दिवसभर शेतात राबल्यावर मान जशी लाल होऊन झोंबते, तसं उघड्या हातांचं दोन-चार तासांच्या वेल्डिंगमध्ये होऊ शकतं. लगेच कळत नाही, रात्री झोंबायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधले अतिनील किरण हे दोन्ही माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात घातले. त्या किरणांचा संबंध प्रामुख्याने डोळ्यांच्या कर्करोगाशी आहे. घाबरवायला हे सांगत नाही. पण 'काही होत नाही' हे दहा-पंधरा वर्षांच्या हिशोबाने बोलायचं असतं, एका दिवसाच्या नाही.

आता दुकानात जाऊ. तू आणलेला लाल मोजा मुळात वाईट नाही, फक्त तो तुझ्यासाठी नाही. दुकानातले हे मोजे बहुतेक एकाच मापाचे येतात आणि ते माप मोठ्या पुरुषी पंजाचं असतं, दहा नंबरच्या आसपास. तुझ्या बोटांच्या टोकांना पुढे अर्धा-पाऊण इंच रिकामं चामडं लोंबत असेल. रॉड धरता न यायचं कारण तेच. जाडी त्यानंतर येते. शिंप्याची टेप घे, अंगठा सोडून पंज्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवती, बोटांच्या सांध्यांखालून गुंडाळ. जितके इंच भरेल तोच तुझा नंबर: सात इंच भरलं तर सात, आठ भरलं तर आठ. तुझ्या वयाच्या मुलींचा बहुधा सात किंवा आठ निघतो. तालुक्याला तो नंबर मिळाला नाही तर जळगावला औद्योगिक वसाहतीच्या बाजूला वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात विचार, किंवा माप सांगून मागव. 'सगळ्यांना बसतो' असं दुकानदार म्हणाला तर तो मोजा घेऊ नकोस.

चामड्याचं असं आहे: कातडं जाड असतं, ते मधून फाडून दोन थर करतात. वरचा थर गुळगुळीत, मऊ. खालचा थर दोन्ही बाजूंनी खरबरीत, मखमलीसारखा लवदार. तुझा लाल मोजा त्या खालच्या थराचा. तो उष्णता चांगली सोसतो, स्वस्त पडतो, पण ताठर असतो. शेळी-मेंढीच्या वरच्या थराचा मोजा पातळ असून मजबूत असतो आणि बोटांना बरंच काही कळू देतो. टिग नावाचं नाजूक वेल्डिंग करणारे असलाच वापरतात. युरोपीय मानक ईएन १२४७७ मध्येही वेल्डरच्या मोज्यांचे हेच दोन गट आहेत: ए म्हणजे जास्त बचाव करणारा, बी म्हणजे बोटांना मोकळीक देणारा. चांगल्या मोज्यावर हे छापलेलं सापडतं.

तुझ्या शेडमध्ये दोन्ही प्रकारची कामं आहेत, म्हणून मी तुला दोन जोड्या घ्यायला सांगेन. जाळ्या, गेट, स्टँड अशा पातळ कामाला, २.५ मिलिमीटरच्या रॉडला आणि सत्तर-ऐंशी अँपिअरला, लांब मनगटाचा बकरीच्या चामड्याचा मोजा. ट्रॉलीच्या चेसिसला चारच्या रॉडने दीडशे अँपिअरच्या वर काम चालतं तेव्हा अस्तराचा जाड मोजा. दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी पातळ घे. शिकण्याच्या दिवसांत तुझ्या वाट्याला पातळ कामच जास्त येणार, आणि न घातलेल्या जाड मोज्यापेक्षा हातात असलेला पातळ मोजा कधीही बरा.

घेताना शिवण उलटून बघ. चामडं सहसा जळत नाही, दोरा जळतो. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली शिवण उघडी पडली की मोजा संपला. केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याचा दोरा ठिणगीला दाद देत नाही. दोरा साधा असेल तर निदान शिवणीत चामड्याची पट्टी घालून तो झाकलेला असावा. लांबी बोटाच्या टोकापासून चौदा इंचांच्या आसपास, म्हणजे मनगट झाकून वर सहा-सात इंच. दुकानात जाताना खिशात २.५ चा एक रॉड ठेव. दोन्ही मोजे घालून तो फरशीवरून उचलून बघ, बोटांत फिरव, होल्डरमध्ये अडकवल्यासारखा धर. दुकानदार बघत राहील, बघू दे.

मात्र घट्ट घेऊ नकोस. मोजा हात खाली करून एकदा झटकला की निघून पडला पाहिजे. हे मला फार महागात पडून कळलं. उमेदीच्या काळात एका कारखान्यात मी जमिनीलगतचा जोड मारत होतो, वाकून, हात खाली. मोज्याचं रुंद तोंड वर आलेलं आणि बाहीचं बटण उघडं. एक दाणा सरळ आत गेला. मोजा घामाने चिकटलेला, ओढला तरी निघेना, आणि दाणा तळहाताच्या कडेला उतरला. तीन-चार सेकंदांचाच खेळ, पण ती जागा आजही थंडीत दुखते. तेव्हापासून मी प्रत्येक पोराकडून पहिल्या दिवशी मोजा झटकण्याचा सराव करून घ्यायचो. तूही घरी दहा वेळा करून बघ. आणि बाही पूर्ण लांब, सुती, बटण लावलेली. डोक्याच्या वरचं वेल्डिंग करताना चामड्याची वेगळी बाही मिळते ती चढव.

पण सुती म्हटलं म्हणून नुसते पांढरे विणलेले मोजे, रबरी ठिपक्यांचे मोजे, दवाखान्यातले पातळ मोजे, यांतलं काहीही आर्कजवळ नको. ठिपके वितळतात, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. भाजणं एकदाचं बरं होतं, पण चिकटलेलं नायलॉन सोलून काढणं फार वाईट.

मामा म्हणतात तसा एकट्या डाव्या हातात मोजा घातला तर? असं म्हणणारे बरेच असतात, कारण डावा हात कामाला टेकलेला असतो. पण उजवा हात बघ. नवा रॉड साधारण ३५० मिलिमीटर लांब, तेव्हा तुझी मूठ आगीपासून फूटभर दूर. रॉड जळत जातो तशी मूठ खाली येते आणि ठुटका दोन इंच उरतो तेव्हा ती अगदी आगीच्या तोंडाशी असते. तुझं भाजलं ते उजव्याच मनगटाला. आणि रॉड बदलताना उजवा-डावा दोन्ही हात त्या करंट असलेल्या रॉडपाशी येतात.

करंटचं बोलायलाच हवं, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात हाच खरा धोका. आर्क पेटलेला नसताना मशीनच्या टोकांवर साधारण पन्नास ते ऐंशी व्होल्ट असतात. कोरड्या हाताला त्याचं फार वाटत नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, पत्र्याचं शेड वरून तापतं, हात निथळत असतात, आणि ओली कातडी करंटला सहज वाट देते. आजीला विचार, ओल्या फडक्याने तवा धरला तर काय होतं. कोरडं फडकं चालतं, ओल्यातून चटका लगेच पोचतो. ओल्या मोज्यातून उष्णता तशीच पोचते, आणि वर करंटही येतो. म्हणून आत घालायला पातळ सुती होजिअरीचे मोजे चार जोड्या घे. ते घाम पितात, दुपारी बदलता येतात, रात्री धुता येतात. चामड्याचा मोजा भिजला तर सावलीत वाळव. तापलेल्या जॉबवर, म्हणजे वेल्डिंग चाललेल्या लोखंडावर, किंवा कडक उन्हात टाकलास तर तो पापडासारखा ताठ होतो. कोणाच्या केळीच्या बागेत ठिबकच्या ओलीत रोटाव्हेटर दुरुस्तीला जावं लागलं तर पायाखाली कोरडी लाकडी फळी घे, रॉड बदलताना मोजा कधीच काढू नकोस, आणि होल्डर काखेत धरायची सवय असेल तर आजच मोड. हेही लक्षात ठेव की चामड्याचा मोजा विजेच्या कामाचा मोजा नाही. कोरडा असला तरच तो मदत करतो.

आता उलटी बाजू. मोजे घालणाऱ्यांची एक चूक उघड्या हातवाल्यांइतकीच मोठी असते: मोजा घातला की आपण काहीही धरू शकतो असं त्यांना वाटतं. मोजा उडत्या ठिणगीसाठी आहे, तापलेला जॉब उचलण्यासाठी नाही. गरम लोखंड धरलं की चामडं आकसतं, बोटं आतल्या आत आखडतात, आणि तो मोजा पुन्हा सरळ होत नाही. जॉब सांडशीने किंवा पकडीने उचल. लाल लोखंडापासून सगळे लांब राहतात. भाजतं ते काळं पडलेलं, कारण दिवसाच्या उजेडात तीन-चारशे अंशांचं लोखंडही थंड लोखंडासारखंच दिसतं. जोड मारून झाला की खडूने शेजारी 'गरम' लिही. शेडमध्ये गिऱ्हाईक येतं, त्याचं पोर येतं, कोणीही हात लावतं. रॉडचे ठुटके जमिनीवर न टाकता डब्यात टाक, आपल्याकडे अर्धी माणसं शेडमध्ये चपलेवर असतात. टाक्यावरची खपली झाडताना मोजे आणि साधा चष्मा दोन्ही ठेव. माझ्या पाहण्यात जास्त पोरं आर्क बंद झाल्यावरच भाजायची, कारण काम संपलं असं वाटून तेव्हाच सगळं उतरवलं जायचं.

आणि एका जागी मोजे काढायचेच: ड्रिल मशीन, लेथ, जिथे काही गरगर फिरतं तिथे. मोज्याचं टोक गुंतलं तर मशीन बोटासकट ओढतं. हातातल्या ग्राइंडरला अंगाशी बसणारा, लोंबतं मनगट नसलेला मोजा चालतो. डिझेल-ग्रीस लागलेला मोजा मात्र वेल्डिंगला घेऊ नकोस, तो पेट घेतो. ट्रॅक्टरच्या कामाचे जुने मोजे वेगळे ठेव.

सवय कशी लावायची? नवा मोजा नव्या कोल्हापुरी चपलेसारखा असतो, आठवडाभर चावतो. तो मशीनवर घालू नकोस, आधी संध्याकाळी घरी घाल. बोल्टवर नट फिरव, फरशीवर सांडलेले रॉड गोळा कर. मग शेडमध्ये मशीन बंद ठेवून होल्डरला रॉड लाव, भंगाराच्या पट्टीवर खडूची रेघ मार आणि रॉडचं टोक तीन मिलिमीटर वर ठेवून त्या रेघेवरून सरकव. डावं कोपर टेबलाला टेकव. केबलचं वजन मनगटावर घेऊ नकोस, ती टेबलावर टेकलेली असू दे. रोज अर्धा तास, पंधरा दिवस. त्यानंतर आर्क पेटव आणि आवाज ऐक. एकसुरी तळणीचा आवाज आला की समज हात मोज्यासकट बसला.

तुझ्या आत्ताच्या जखमेबद्दल तू कमी लिहिलंस. फोड असतील तर फोडू नकोस, स्वच्छ कोरडं झाकून ठेव. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते आठवत नसेल तर दवाखान्यात विचार. लाली पसरत असेल किंवा पू दिसला तर वाट बघू नकोस. पुढे कधी भाजलं तर पहिलं काम मोजा, अंगठी, जे काही असेल ते काढायचं आणि वीस मिनिटं गार पाण्याखाली हात धरायचा. पूर्ण वीस मिनिटं, दोन नाही. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ काहीही लावायचं नाही. यात आपली एक अडचण आहे: मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून चहाच्या आधणासारखं येतं. म्हणून शेडच्या सावलीत एक रांजण भरून ठेव, वर झाकण आणि शेजारी तांब्या. ते पाणी पिण्याचं नाही हे सगळ्यांना सांग. चामडी पांढरी किंवा काळी पडली, सांध्यावर भाजलं, तळहातापेक्षा मोठं भाजलं किंवा करंट बसला, तर थेट दवाखाना. करंटची जखम वरून छोटी दिसते आणि आत खोल असते.

उद्या तू जळगाव-भुसावळकडच्या एखाद्या कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस म्हणून गेलीस तर मोजे मागायला संकोचू नकोस. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यानुसार कारखान्यात शिकणाऱ्यालाही कामगारांच्या सुरक्षिततेची कलमं लागू होतात. तिथे मोजे मागणं हा तुझा हक्कच आहे.

राहिला प्रश्न मामांना सांगायचं कसं. गिऱ्हाइकासमोर वाद घालू नकोस, आणि तुमचं चुकतं असंही म्हणू नकोस, कारण ज्या हातांनी तुला शिकवायला घेतलं त्यांचा तो अपमान होईल. एवढंच म्हण, "मामा, मला एक महिना द्या. मापाच्या मोज्यात शिकते. महिन्याने तुम्हीच माझे टाके बघा." मामांनी आयुष्यभर टाके पाहिलेत. सरळ, भरीव टाका दिसला की त्यांना आणखी काही सांगावं लागणार नाही. बहुतेक उस्तादांना बोलण्यापेक्षा काम लवकर पटतं.

आणि चहाच्या वेळी त्या डागांच्या गोष्टी ऐकताना टेप बरोबर ठेव. बोलता बोलता त्यांच्याही पंजाचं माप घे. जळगावला जाशील तेव्हा दोन नंबर सांगायचे आहेत.